गव्हातलं एरंडेल

ताई,

सोमवारी आमचं मशीन बंद पडलं. व्हॅक्यूमचा पंप गेला. इंजिनीअर म्हणाला चार दिवस लागतील, आणि मी सवयीनं खिशातून फोन काढून तुझं नाव शोधायला लागलो. कारण दर आठवड्याला तुझा पहिला प्रश्न तोच असायचा, "मशीन बरं हाय का तुहं?" जसं काही मी पुण्यात म्हैस बांधली आहे आणि ती चारा खात नाही. बोट तुझ्या नावावर गेलं, आणि मग आठवलं की तुझी तेरवी होऊन सहा दिवस झालेत.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कोणी म्हणालं, बाई सोशीक होती. कोणी म्हणालं, कधी वर मान करून बोलली नाही. मी ऐकत होतो आणि मला कळेना की हे कोणाबद्दल चाललंय. तू सोशीक नव्हतीस. तू हट्टी होतीस. आणि आपलं बरोबर आहे हे कळलं की तू गप्प बसायचीस. ते भांडण्यापेक्षा वाईट होतं, समोरच्याला स्वतःच कबूल व्हावं लागायचं. मला तर आयुष्यभर व्हावं लागलं.

चिखलीच्या कॉलेजात तू बारावी सायन्स केलंस, उंद्रीहून रोज एसटीनं जाऊन. मी तेव्हा सहावीत. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात संग्रामपूरकडचं स्थळ आलं. वाईट कोणीच वागलं नाही. बाबांनी विचारलं, "चालन न?" आणि तू "हाव" म्हणालीस. स्थळ चांगलं होतं, भाऊजी चांगले होते, आणि मला लग्नातल्या बुंदीची पडली होती. तुला काय वाटलं हे मी कधी विचारलं नाही. तेव्हा लहान होतो, हे खरं. पण नंतर मोठा झालो होतो की.

मी अकरावीत असताना तू माहेरी आली होतीस, प्रीती तुझ्या मांडीवर. मी रसायनशास्त्राचं पुस्तक भिंतीवर आपटलं, कारण मला 'मोल' समजत नव्हता. तू पुस्तक उचललंस, पोरीला थोपटत थोपटत दोन ओळी वाचल्यास आणि म्हणालीस, "काऊन आदळआपट करून राह्यला बे? डझन म्हणजे बारा न? मोल म्हणजे लय मोठा डझन. बस. एवढंच हाय." सरांनी आठवडाभर शिकवून जे झालं नव्हतं ते तेवढ्यात झालं. पुढे मी वर्गात शिकवायला लागलो तेव्हा मोल मी तुझ्याच शब्दांत शिकवला. तुझं नाव मात्र सांगितलं नाही. "माझी एक पद्धत आहे," असं म्हणायचो.

आता त्या गव्हाबद्दल लिहितो. आपण दोघं त्याबद्दल हसलो खूप, पण बोललो कधीच नाही.

पीएचडीला मी धान्यातली चरबी हा विषय घेतला तेव्हा तू म्हणालीस, "गव्हात कुठली चरबी रे?" मी सांगितलं की थोडीच असते, पण पीठ जुनं झाल्यावर कडवट लागतं ते त्या थोड्यामुळेच. दाणे गोठवून कुटायचे, त्यातलं तेल क्लोरोफॉर्ममध्ये उतरवून घ्यायचं, आणि मशीनमध्ये सोडायचं. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं ते मशीन एकेका रेणूचं वजन सांगतं, वजनावरून ओळख पटते. मला जुन्या वाणाचा गहू हवा होता. भाऊजी शेवयांपुरता कोरडवाहू बन्शी अजून पेरत होते. मी फोनवर तुला बजावून सांगितलं, "बाजारातला नको. घरचा जसा आहे तसा दे. निवडू नको, धुऊ नको."

तू तसाच दिलास.

त्या गव्हात मला एक शिखर दिसलं. म्हणजे आलेखावर उंच गेलेली रेघ, जिथे एखादा पदार्थ भरपूर असतो तिथे ती येते. नेहमीच्या ओलेइक आम्लापेक्षा सोळानं जड. म्हणजे एक ऑक्सिजन जास्त. हवेनं तेल खराब होतानाही असा ऑक्सिजन चिकटतो, म्हणून मी दोनदा नव्यानं तेल काढलं. तरी तेच. मग त्याचे तुकडे करून पाहिले, आणि ते रिसिनोलेइक आम्ल निघालं. हे गव्हात नसतं. कोणत्याच गव्हात असल्याचं मी वाचलं नव्हतं. माझ्या सरांनी आलेख पाहून चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "गजानन, हे खरं असेल तर मोठं आहे." पुढच्या आठवड्यात मी विभागात सगळ्यांसमोर ते मांडलं. एका परिषदेला सारांशही पाठवून दिला. बन्शी गहू, बुलडाणा जिल्हा, असं त्यात लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता!

रविवारी दुपारी तुला फोन केला. मागे कोणीतरी तूर पाखडत होतं, सुपाचा आवाज येत होता.

"ताई, आपल्या बन्शीत असं आम्ल सापडलं जे कोणत्याच गव्हात नसते!"

"अरे वा! मंग कशात असते?"

"एरंडीत. एरंडीच्या बीत भरपूर असते."

मला वाटलं रेंज गेली. "हॅलो, हॅलो" केलं.

"गजू," तू म्हणालीस, "त्याले मी एरंडेल चोळलं होतं."

मला आधी समजलंच नाही.

"कीड लागू नाई म्हून," तू हळूच म्हणालीस. "दर साली चोळतो न आपण."

दर साली चोळतो आपण! उंद्रीच्या घरी उन्हाळ्यात सतरंजीवर गहू पसरायचा, आई वाटीत एरंडेल घ्यायची, आणि तू नि मी कोपरापर्यंत हात चिकट करून चोळत बसायचो. तो वास मला आजही ओळखू येतो. आणि दोन महिने मी त्याच तेलाचं शिखर बघत होतो, पुस्तकं उलटीपालटी करत होतो, आणि घर आठवलं नाही. चूक माझी होती. नमुना घेताना काय काय विचारायचं असतं हे मला शिकवलेलं होतं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं की मला सगळं माहीतच आहे.

पण मी ओरडलो तुझ्यावर. "तुले सांगतलं होतं न, जसा हाय तसा दे म्हून!"

"तसाच देल्ला. आपल्या घरी गहू असाच असते."

आणि मग मी ते म्हणालो. "तुले काय समजते त्यातलं?" म्हणालो, आणि फोन ठेवला.

ताई, मोल म्हणजे काय हे तू शिकवलेला माणूस तुला हे म्हणाला.

नंतरचा आठवडा मी गप्प होतो. तुला माहीत नाही, तेव्हा मनात काय काय येऊन गेलं. सारांश गेलेलाच आहे. फोनवर काय बोलणं झालं हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. दुसऱ्या घरचा बन्शी मागवायचा, आधीचा नमुना संपला म्हणायचं, आणि विषय हळूहळू मिटू द्यायचा. असा विचार मी केला, आणि एकदाच नाही. सातव्या दिवशी सरांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "सारांश आज मागे घे. आणि पुढच्या सेमिनारला हेच सांग. जसंच्या तसं."

सांगितलं. 'एरंडेल' या शब्दावर हॉल हसला. एरंडेल म्हटल्यावर लोकांना काय आठवतं ते तुला सांगायला नको. मला 'जुलाब' हे टोपणनाव पडलं आणि वर्षभर टिकलं.

या काळात तुझा फोन नाही. माझाही नाही. राखी मात्र पोस्टानं आली, सोबत चिठ्ठी नाही.

आणि मग एका सकाळी प्रयोगशाळेच्या फाटकावरून निरोप आला की तुमची बहीण आलीय. तू आणि भाऊजी, रात्रभराच्या ट्रॅव्हल्सनं चुरगळलेले, हातात दोन कापडी पिशव्या. एकीवर तू पेननं लिहिलेलं, 'चोळलेला'. दुसरीवर 'कोरा'. मी "कशी आहेस" विचारायच्या आधीच तू सुरू झालीस.

"एकाच वावरातला हाय. एकाच दिवशी काढला. अर्धा चोळला, अर्धा नाई. कोऱ्याले कीड लागन, ते मी पाह्यतो. तू मले फक्त एक सांग. तेल आत जाते का वरच राह्यते? बाया म्हणतात धुतलं का निघून जाते. मले नाई वाटत."

मी प्रयोगाची चूक निस्तरत होतो, आणि तू त्या चुकीतून प्रयोग काढून आणला होतास. राग नाही, रुसवा नाही, मी माफी मागण्याची वाट बघणं नाही. म्हणून मग मी मागितलीही नाही. किती सोयीचं झालं मला ते.

तुला आत नेलं. चपला काढून, पांढरा कोट घालून तू त्या मशीनसमोर उभी राहिलीस. कोटाच्या खालून नऊवारीसारखी गुंडाळलेली शाल डोकावत होती, कारण एसी तुला सोसत नव्हता. "याले काटा कुठी हाय?" तू विचारलंस. "तोलते कसं मंग?"

मी सांगितलं की रेणूला आधी विजेचा भार देतात, मग सगळ्यांना सारखाच धक्का देऊन एका लांब नळीतून सोडतात.

"सारखाच धक्का?"

"हो."

तू हवेत बोटानं एक लांब रेघ ओढलीस. "मंग जड मागं राह्यत असन. हलकं पहिले पोचत असन. म्हणजे हे वजन नाई करत, टाइम मोजते."

सर दारात उभे होते, माझं लक्ष नव्हतं. ते पुढे आले आणि विचारलं, "ताई, तुमचं शिक्षण कुठवर झालंय?"

"बारावी सायन्स," तू म्हणालीस. एवढंच. पण तू ते कसं म्हणालीस हे मी विसरू शकत नाही. 'फक्त बारावी' नाही म्हणालीस. बायका म्हणतात तसं हसून, मान खाली घालून नाही. सरळ त्यांच्याकडे बघून, जसं कोणी आपल्या गावाचं नाव सांगावं.

पुढचं वर्षभर तू दर दोन महिन्यांनी मला गहू पाठवलास. मी दोन पिशव्या सांगितल्या होत्या, तू चार केल्यास. एक पत्र्याच्या कोठीतला, एक पोत्यातला, असं वेगळं. कोऱ्या गव्हातले सोंडेकिडे मोजून चिठ्ठीवर लिहायचीस. आणि प्रश्नाचं उत्तर निघालं ते तुझ्याच बाजूचं. बहुतेक तेल कोंड्यावरच राहतं, पण धुतल्यावर सगळं जात नाही. गव्हाच्या पोटावर जी चीर असते, तिच्यात थोडं अडकून राहतंच. मी फोन करून सांगितलं तर तू म्हणालीस, "चिरेतच राह्यत असन, मी प्रीतीले बोलली होती." आणि गप्प बसलीस. तुझं ते गप्प बसणं.

एक वाद मात्र राहिला. तू म्हणायचीस, चोळलेल्या गव्हाची पोळी वर्षभरानंही गोड लागते, तेल गव्हाच्या स्वतःच्या चरबीला राखतं. मी म्हणायचो, तेल फक्त किडीला दूर ठेवतं, बाकी तुझ्या जिभेचे लाड. माझे आलेख धड तुझ्या बाजूचे नाहीत, धड माझ्या. अजून एक हंगाम करून बघू, असं आपलं ठरलं होतं. दिवाळीत मी घरी आलो तेव्हा तू मला डोळे मिटायला लावून दोन पोळ्या खायला घातल्यास आणि विचारलंस, कोणती कोणती सांग. मी चुकलो. तू इतकी हसलीस की तव्यावरची तिसरी करपली. त्या एका पोळीनं काही सिद्ध होत नाही असं मी म्हणत राहिलो आणि करपलेलीसकट तिन्ही संपवल्या.

आता जे बोललो नाही ते.

प्रबंधात आभाराचं पान असतं. तिथे मी सरांचं नाव लिहिलं, मशीन चालवणाऱ्या मित्राचं लिहिलं, हॉस्टेलच्या मेसवाल्यांचंही लिहिलं. आणि तुझ्यासाठी लिहिलं, 'संग्रामपूर तालुक्यातील एका शेतकरी महिलेने नमुने पुरवले.' इंग्रजीत लिहिलं होतं, मला वाटलं तुझ्यापर्यंत जाणार नाही. तू प्रीतीकडून वाचून घेतलंस. फोन केलास.

"गजू, ही शेतकरी महिला कोण हाय रे? आमच्याच इकडची दिसते."

आणि हसलीस. मीही हसलो. मी म्हणालो, विद्यापीठाचे नियम असतात, नातेवाइकांचं नाव चालत नाही. तू म्हणालीस, "हाव का? बरं बरं." आणि मशीन बरं आहे का विचारलंस.

असा कोणताही नियम नाही, ताई. मला भीती वाटली होती. परीक्षक विचारतील, ही कोण, मग मी म्हणेन बहीण, मग कोणीतरी ती एरंडेलाची गोष्ट काढेल आणि परत हॉल हसेल. मला 'जुलाब' परत नको होता. एवढ्यासाठी. आणि मला वाटतं तुला ते त्याच क्षणी कळलं होतं. तू "बरं बरं" म्हणून मला सोडवलंस.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात बसलो होतो, तेव्हा भाऊजींनी मला एक सांगितलं. ते तूर की असंच काहीतरी निवडत होते, हाताला काम हवं म्हणून. म्हणाले, "तुमचं ते भांडण झालं न, एरंडेलाचं, त्याच्यामंधी तिनं शेजारच्या पोरीचं बारावीचं पुस्तक आणलं होतं. दोन महिने वाचे. मी म्हटलं, फोन कर न गजूले, काऊन पुस्तक घेऊन बसली? तर म्हणे, पहिले मले समजू द्या. तो म्हणाला मले समजत नाई. तर पहिले समजून घेते, मंग बोलते."

मला तिथे बसवेना. मी उठून वावराच्या बांधापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तुझ्या त्या दोन महिन्यांच्या शांततेला मी रुसवा समजत होतो. तू अभ्यास करत होतीस. मी फेकलेला शब्द तू उचलून घेतलास, तो प्रश्न मानलास, आणि त्याचं उत्तर दोन पिशव्यांत भरून पुण्याला घेऊन आलीस.

परवा आपल्या त्या एरंडेलाच्या कामाचा शोधनिबंध छापायला देण्याआधी शेवटचा वाचायला आला. त्यावर दोन नावं होती, माझं आणि सरांचं. मी तो घेऊन सरांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "सर, यात माझ्या बहिणीचं नाव घालायचंय. आभारात नाही, वर. लेखकांत. प्रश्न तिचा होता, नमुने तिचे, नोंदी तिच्या." मी आणखी दहा कारणं तयार करून गेलो होतो, भांडायच्या तयारीनं.

सर म्हणाले, "घाल की. मी प्रबंधाच्या वेळीच तुला विचारणार होतो, तू का नाही लिहिलंस. मग वाटलं, तुमच्या घरातलं काही असेल."

म्हणजे कोणीच अडवलं नव्हतं. एक ओळ टाइप करायची होती, एवढंच. तू असताना झालं असतं. तू ते छापील पान हातात धरून प्रीतीला दाखवलं असतंस, नंतर मला फोन करून त्यात एखादी चूक काढली असतीस. ते मी तुझ्याकडून घेतलं, ताई. त्याची भरपाई या लेखानं होत नाही, आणि तू ऐकत असशील असंही मला खोटं म्हणवत नाही. पण म्हणतो. माफ कर.

नाव लिहायला बसलो आणि बोटं थांबली. तुझं कोणतं नाव लिहायचं? लग्नानंतरचं, सात-बाऱ्यावर आहे ते? प्रीतीला फोन केला, ती म्हणाली बाबांना विचार. भाऊजी फोनवर आले. मी म्हटलं, तुमचंच आडनाव लिहितो, बरोबर ना?

ते म्हणाले, "नाई. तिची बारावीची मार्कशीट हाय आपल्या पेटीत, तिच्यावर जे नाव हाय ते लिही. ते तिनं स्वतः कमावलं होतं."